मदत हवी आहे: टायमिंग चेनच्या गाइड झिजल्यात, इंजिन उतरवावं लागतंय का?

गोदाकाठ_परभणी
सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद इंजिनमधून खडखड आवाज यायलाय, मग आपोआप बंद. एक मिस्त्री म्हणतो टायमिंग चेनच्या (इंजिनचे वाल्व वेळेवर उघडणारी साखळी) गाइड, म्हणजे चेनला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गेल्या, इंजिन खाली घ्यावं लागतंय. दुसरा म्हणतो नुसता टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) टाका, भागतंय. दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर. सोमवारी आईला तपासणीला संभाजीनगरला न्यायचंय. नुसत्या गाइड बदलल्या तर चालतंय का? कुणी हे काम केलेलं असेल तर लवकर सांगा.

जालनेकर
गाडी कोणती? किती पळाली? पेट्रोल का डिझेल?

लातूर_डिझेल
टायमिंग बेल्ट वेळेवर बदलायलाच पाहिजे. बेल्टसोबत आयडलर (बेल्टची पुली) पण टाका. माझ्या इंडिकाला मी कधी चुकवलं नाही.

जालनेकर
अहो, ते चेन म्हणायलेत. इंडिकाच्या १.४ ला बेल्ट होता, यांचं वेगळं असणार.

गोदाकाठ_परभणी
डिझायर डिझेल, २०१२. २,७०,००० झालेत. आता सांगा.

बीडकर_शेतकरी
२०-५० चं जाड ऑइल टाका, आवाज दबतो. माझ्या जुन्या जीपला हाच इलाज केला, अजून शेतात चालायलीय.

नांदेड_गॅरेज
बीडकर भाऊ, कृपा करून हा सल्ला देऊ नका. या गाडीचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी जाड ऑइल वर पोचायला उशीर लागतो, तेवढा वेळ सैल चेन गाइडवर आपटत राहते. वर टर्बोही आहे, त्यालाही ऑइल वेळेवर लागतं.

बीडकर_शेतकरी
अनुभवाचं सांगितलं. तुम्हाला चेनचे किट विकायचे असतील.

नांदेड_गॅरेज
मी काही विकत नाही, हातानं काम करतो. गोदाकाठ, नीट वाचा. हे १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन. उतरवायची गरज नाही. इंजिनला खालून जॅकचा आधार द्यायचा, ड्रायव्हर बाजूचं माउंटिंग सोडायचं, चेंबर (खालची ऑइलची टाकी) आणि पुढचं कव्हर काढलं की चेन समोर येते. फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) आणि कॅम (वाल्व उघडणारा दांडा) लॉक करायच्या पिना ज्याच्याकडं नाहीत, त्याला हात लावू देऊ नका. खडूनं खुणा करून बसवतो म्हणणारे खूप आहेत. टायमिंग चुकलं तर वाल्व पिस्टनवर आपटतात. क्रँकच्या (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) पुलीच्या बोल्टला उलटे आटे आहेत, हेही त्याला आधी विचारा. माहीत नसेल तर त्यानं हे काम कधी केलेलं नाही.

नुसत्या गाइड टाकून उपयोग नाही. एवढ्या किलोमीटरला चेन लांबलेली असते, ती नव्या गाइडला पण खाच पाडणार. चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदमच टाका. आणि चेंबर निघालं की ऑइल ओढायची जाळी स्वतः बघा. गाइडच्या प्लास्टिकचे कपचे तिथं जाऊन बसतात.

हिंगोली_७
एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाका. डिझेल डिझायर २०२० पासून बंदच आहे. सीएनजी घ्या.

लातूर_डिझेल
सीएनजीच्या रांगेत कोण थांबणार? डिक्कीत पण टाकी. आईला घेऊन जायचंय त्यांना, बॅग कुठं ठेवतील?

जालनेकर
विषय भरकटला. इंजिनचा दिवा लागतो का? ऑइल कधी बदललं होतं?

गोदाकाठ_परभणी
दिवा अधूनमधून लागतो. त्याचा काय संबंध? सोमवारपर्यंत गाडी चालंल का एवढंच सांगा.

नांदेड_गॅरेज
संबंध आहे. आज स्कॅनर लावा. पी००१६ हा बिघाडाचा कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, चेन लांबल्याची दाट शक्यता. मग ती रस्त्यावर काढू नका. जिंतूरच्या पुढं चेन उडाली तर आईला घेऊन कुठं थांबाल? सकाळची मराठवाडा एक्सप्रेस आहे परभणीवरून.

गोदाकाठ_परभणी
पी००१६ च आला. गाडी उभी केली, आईला रेल्वेनंच नेतो. पिना असलेला मिस्त्री सापडलाय, उलट्या आट्याचं पण न विचारता बोलला. काम झाल्यावर काय तपासून घेऊ?

नांदेड_गॅरेज
चेन बसल्यावर पिना काढून क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवायला लावा. त्यानंतर पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर सेल्फ मारू देऊ नका. ऑइल, फिल्टर नवे टाका आणि जुन्या गाइड मागून घ्या, दोन्ही बाजूंच्या.