मदत हवी आहे: डकेट्स ग्रोव्हच्या माळ्यांची नावं कुठे शोधू?

नमस्कार मंडळी, आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीत डकेट्स ग्रोव्ह नावाचा एक पडका वाडा आहे, त्यासंदर्भात मदत हवीय. मुळात डकेट जमीनदारांचं साधं घर, 1830 मध्ये थॉमस कॉबडन या आर्किटेक्टने त्याला गॉथिक किल्ल्याचं रूप दिलं, गोल बुरूज, अष्टकोनी बुरूज, भिंतीतल्या कोनाड्यांत दगडी पुतळे, सगळा थाट. 1933 च्या आगीत आतलं सगळं जळालं, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि छपराच्या जागी आभाळ. 2005 मध्ये काउंटी कौन्सिलने जागा घेतली आणि तटबंदीतल्या दोन बागा परत उभ्या केल्या, एकीत जुन्या जातीचे गुलाब, दुसरीत अंजीर आणि सफरचंदाच्या जुन्या आयरिश जाती.

डकेट घराण्यावर भरपूर वाचायला मिळतं, पण या बागा खणल्या, शिंपल्या, छाटल्या त्या लोकांबद्दल कुठेच काही नाही आणि मला तेच हवंय, कारण त्यांच्या हातांशिवाय ही इस्टेट उभीच राहिली नसती.

1901 आणि 1911 ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे हे माहितीये, पण माळी आणि नोकर नेमके कोणत्या टाउनलँडखाली (आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) शोधायचे? ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद) फक्त कुळंच सापडतात की मजूरही? आणि डब्लिनच्या आयरिश आर्किटेक्चरल अर्काइव्हमध्ये आगीआधीचे फोटो बघायला आधी अपॉइंटमेंट लागते का? तिकडे राहणाऱ्या किंवा असं काम केलेल्या कुणी प्लीज सांगा, थोडीशी माहितीही चालेल.