चर्चा: काम निम्म्यावर आल्यावर बदल सांगितला, तर पैसे कोणी भरायचे?

उद्यमबागकर: फौंड्रीच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्या. करारात गिऱ्हाईक सगळं बेळगावचं, म्हणून १८ टक्के जीएसटीत ९ केंद्राचा सीजीएसटी, ९ राज्याचा एसजीएसटी. चाचणीच्या वेळी मालक म्हणणार, "कोल्हापूरलाही माल जातो, तेवढा परराज्यातल्या विक्रीवरचा आयजीएसटी टाका." तेवढा? बिलाच्या टेबलात पुरवठ्याच्या राज्याचा रकानाच नाही. तो घालायला अर्धा तास. मग जुन्या बिलांत राज्य भरा, छपाई बदला, क्रेडिट नोट बदला, विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१ बदला आणि तपासून झालेलं सगळं परत तपासा. आठवडा गेला. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच दाखवलं की मोठ्या कामात सुरुवातीला सुटलेली चूक शेवटी शंभरपटीपर्यंत महाग पडते. सही झाल्यावर प्रत्येक बदलाचं वेगळं कोटेशन, हेच बरोबर.

निपाणीकर: अजिबात पटत नाही. त्याच बोहम यांनी २००१ मध्ये व्हिक्टर बॅसिली या संशोधकांबरोबर लिहिलंय की लहान, कमी जोखमीच्या कामात हे प्रमाण पाचपटीच्या आसपास असतं. आणि तुमच्या उदाहरणात बदल कुठे आहे ओ? सरहद्दीवरच्या धंद्यात माल पलीकडे जातो का, हे पहिल्या दिवशी विचारायचं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा की: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र. विचारायचं राहिलं तुमचं आणि कोटेशन मालकाला?

उद्यमबागकर: नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला नंबरच नसतो, तिथे दोन आकडे कुठून बघणार? विचारायला हवं होतं, हे मात्र मान्य.

खानापूरकर: दोघेही सगळे बदल एकाच तराजूत घालताय. बटणाचं नाव बदलणं म्हणजे दहा मिनिटं. साठवलेल्या माहितीचा आकार बदलला की खर्च फुगतो. "गावाचं नाव मराठी-कन्नडमध्ये छापा" ही मागणी बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं अक्षर, मात्रा, हलन्त प्रत्येकी ३ बाइट जागा घेतात, कन्नडचंही तेच. रकाना २० बाइटचा असेल तर 'बेळगाव' १८ मध्ये बसतं, 'हुक्केरी'ला २४ लागतात. नोंद अडते, नाहीतर नाव तुटतं. त्यात स्वस्त पावती प्रिंटरमध्ये बहुधा या लिप्यांचा फाँटच नसतो. पावती चित्र म्हणून पाठवावी लागते, छपाई मंदावते. राज्य, लिपी, कर या तिन्हींचे रकाने आपल्या भागात मागितले नाहीत तरी आधीच ठेवावेत, आणि त्याचे पैसे मूळ कोटेशनमध्येच धरावेत.

निपाणीकर: रकाने ठेवा, हरकत नाही. पण उरलेलं काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत दाखवा, टप्प्यानुसार बिल घ्या. आयजीएसटीची गोष्ट पहिलं बिल छापून दाखवल्यावरच निघाली असती.

उद्यमबागकर: आमच्याकडचे मालक एकच आकडा मागतात. टप्पे म्हटलं की दुसरीकडे जातात. त्यांना कसं पटवायचं, ते सांगा.