कसाव्याच्या संशोधनाचा पैसा नेमका कोणाच्या हातात द्यावा?

बेणेमळा: कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो. आफ्रिकेत तो कोट्यवधी अल्पभूधारकांचं रोजचं अन्न. २०२५ मध्ये यूएसएआयडीचा (अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचा) पैसा आटल्यावर प्रश्न उरतो: जे अनुदान शिल्लक आहे ते कोणाला? माझं मत: थेट नामुलोंगे (युगांडा), उमुडिके (नायजेरिया) इथल्या सरकारी पैदासकारांना (नवे वाण तयार करणाऱ्यांना), सलग दहा वर्षं. कसावा खोडाच्या कांड्या लावून वाढवतात; एका झाडातून पाच-सात डोळ्यांच्या साधारण दहा कांड्या निघतात, पीक वर्षाचं. एका रोपापासून हजार कांड्या व्हायलाच तीन वर्षं, चाचण्या त्यापुढे. प्रकल्प मात्र तीन ते पाच वर्षांचे! पैसा संपला की निवडलेले वाण तणात जातात, त्यात विषाणू भरतो.

उलटतपासणी: दहा वर्षं मान्य, ‘थेट’ अमान्य. सरकारी संस्थेचा निधी अनेकदा कोषागारात अडकतो. लागवड पावसाच्या तोंडावर. पैसे दोन महिन्यांनी सुटले की वरातीमागून घोडं, हंगाम गेला. दुसरं, ब्राउन स्ट्रीक हा कसाव्याचा विषाणूजन्य रोग पूर्व आफ्रिकेत आहे, नायजेरियात नाही. नायजेरियाला प्रतिकारक वाण आधीच हवं तर त्याची परीक्षा युगांडा-टांझानियातच होणार. कांड्या सीमेपार नेल्या तर रोगही जातो, म्हणून विषाणू तपासलेली ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत काचनळीत वाढवलेली) रोपं नळीतून न्यावी लागतात. हे इबादानच्या (नायजेरिया) आयआयटीएसारख्या, म्हणजे उष्णकटिबंधीय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रालाच झेपतं.

कंदमूळ: नळ्या आयआयटीएने न्याव्यात, पण निवड कोण करणार? ब्राउन स्ट्रीकमध्ये पानं बऱ्यापैकी हिरवी दिसतात आणि कंद आतून तपकिरी, बुचासारखा सुकलेला निघतो. म्हणून झाडं उपटायची, कंद कापायचे, १ ते ५ गुण द्यायचे. जनुकीय चाचणीला अनुदानात रकाना असतो. उपटणाऱ्या मजुरांना आणि ऊतीसंवर्धन खोलीच्या जनरेटरच्या डिझेलला नसतो. एकदा वीज लांबली की रोपांची वाट लागते.

गरी-गिरणी: तिघंही प्रयोगशाळेतच अडकलात. पश्चिम आफ्रिकेत कंद किसून, आंबवून, पिळून, भाजून गरी करतात, आणि हे काम बहुतेक बायकांचं. शुष्कांश (पाणी सोडून उरणारा भाग) कमी असलेलं वाण भरघोस पिकलं तरी गरी कमी पडते, मग त्या ते नाकारतात. त्यात शेतकरी बेणं स्वतःच राखतो, म्हणून बियाणे कंपन्यांना रस नाही. निम्मा पैसा बेणे-मळ्यांना, म्हणजे लागवडीच्या कांड्या वाढवणाऱ्या मळ्यांना द्या.

बेणेमळा: निम्मा? मग पैदास कशावर करायची? गरी करणाऱ्या बायकांची पसंती पहिल्या चाचणीपासून घ्या, हे बरोबर. कोषागाराचा अडथळा खरा आहे, पण त्यावर तोडगा म्हणजे पावसाच्या तीन महिने आधी हप्ता संस्थेच्या वेगळ्या खात्यात भरणं.

उलटतपासणी: वेगळ्या खात्याला अर्थखातं परवानगी देईल तेव्हा बोलू.