तीन गिअरच्या जुन्या जीपला पाच गिअरची पेटी: क्राऊन-पिनियन ५.३८ ठेवायचं की ४.८८ करायचं?

काळीमाती: गाडी सीजे-३बी, इंजिन डीआय डिझेल, टी-९० पेटी (२.८०, १.५५, १.००), ट्रान्सफरचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो २.४६, पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगमधलं (ॲक्सलमधलं) क्राऊन-पिनियन ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर (ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट) ५.३८ फेरे, टायर २३५/७५ आर १५. पाच गिअरची पेटी टाकायचं नक्की आहे. वापर दोन तऱ्हेचा: काळ्या रानातली ओढ, आणि धुळे-सोलापूर रस्त्यानं भरल्या गाडीनं गेवराई ते मांजरसुंबा घाट. माझं मत, पेटी उतरवतोच आहोत तर ४.८८ पण करून मोकळं व्हावं.

चौदा-पंधराचा पाना: काहून? आधी हिशोब मांडा. या टायरचा घेर २.३० मीटर. ताशी ८०ला चाक मिनिटाला ५७९ वेळा फिरतं. ५.३८वर डायरेक्ट गिअरला (१.००) इंजिन ३११० फेऱ्यांवर. पाचवा ०.८३ धरला तर २५८५. ४.८८ केल्यावर तोच पाचवा २३४५. म्हणजे २४० फेऱ्यांसाठी दोन हौसिंग खोलायची, शिम (पातळ चकत्या), प्रीलोड (बेअरिंगचा ताण), बॅकलॅश (दातांतली फट) बसवायचा, दातांना रंग लावून ठसा बघायचा. ठसा चुकला की ६०च्या पुढं गुणगुण सुरू, मग ती काढत बसा. आणि ‘सध्या मागचंच बदलू’ असं तर करूच नका. पुढचं ५.३८ आणि मागचं ४.८८ असताना फोर-व्हील टाकला तर ट्रान्सफर बांधली जाते. क्रॉस (प्रोपेलरचा सांधा) किंवा गिअर, जे कमजोर ते आधी जातं.

घाटरस्ता: पाचव्याच्या फेऱ्या मोजल्या, पाचव्यात भार कुठून जातो ते सोडलं. चौथा डायरेक्ट, ताकद सरळ पार जाते. पाचव्यात ती काउंटर शाफ्टच्या (पेटीतल्या बाजूच्या शाफ्टच्या) दातांतून आणि बेअरिंगांतून फिरून येते. भरल्या गाडीनं तासन्‌तास पाचवा ओढला की पेटी तापते. ४.८८वर चौथ्यातच ८०ला २८२५ येतात. ५.३८वर ३११०, आणि डीआयची कमाल ताकदच ३२००च्या आसपास. म्हणजे इंजिन दिवसभर शेवटच्या टोकाला. लोची काळजी नको. पहिल्या लोला आज २.८० × २.४६ × ५.३८ = ३७. नव्या पेटीचा पहिला ३.८ असेल तर ४.८८वरही ४५ भरतात.

रानवाट: ४५ काय अन् ५० काय, ओल्या काळ्या मातीत पहिला लो टाकायचाच नसतो. चाक हळू फिरलं की खाचांत चिखल बसतो, टायर गुळगुळीत होतो, मग गाडी जागीच खड्डा करते. दुसरा लो, थोडा वेग, चिखल उडून गेला पाहिजे. पहिला लो खडा कच्चा उतार उतरताना. माझं म्हणाल तर हौसिंगला हात न लावता ७.००-१६ टायर रिमसकट टाका.

चौदा-पंधराचा पाना: हे पटलं. टायरची उंची ७३३ मिमीची ७७५ धरली, तर ५.३८ हे ५.०९ असल्यासारखं वागतं. निम्म्याहून जास्त काम झालं, तेही जॅक अन् व्हील पान्यावर.

घाटरस्ता: आणि ब्रेक? चाक उंच झालं की त्याच ड्रमला गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. मांजरसुंब्याच्या उतारावर हा हिशोब मांडा. मी ४.८८वर ठाम.

चौदा-पंधराचा पाना: राहा. पण काळीमाती, काहीही मागवण्याआधी मोजून घ्या, प्लेटवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. पुढच्या चाकांना दगड लावा, पेटी न्यूट्रल. हँडब्रेक सोडा, कारण तो ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर आहे, शाफ्टच अडवतो. मागचं एकच चाक उचलून पूर्ण दोन फेरे फिरवा. प्रोपेलर पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८. स्पीडोमीटर ट्रान्सफरवरून चालतो, पेटी बदलून फरक नाही. ४.८८ केलंत तर मात्र ८०ला ७३ दाखवेल.

खरी अडचण रेशोची नाहीच. टी-९०च्या मेनशाफ्टच्या शेपटावरचा गिअर ट्रान्सफरला फिरवतो, म्हणून अडॅप्टर लागणारच. वर नवी पेटी लांब, व्हीलबेस जेमतेम ८० इंच. मागचा प्रोपेलर आखूड होऊन कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात. अडॅप्टर प्लेट बसवल्यावर बेल हौसिंगचं (क्लचवरच्या कवचाचं) भोक डायल गेजवर फिरवून बघा, ०.१३ मिमीच्या आत आलं पाहिजे. नाहीतर इनपुट बेअरिंग ओरडेल आणि गिअर सुटेल, मग ५.३८ असो की ४.८८.

काळीमाती: नव्या पेटीची लांबी मोजून उद्या टाकतो. प्रोपेलरचा कोन आधी काढू, क्राऊन-पिनियन नंतर.