पीर आणि गणपती एकाच तालमीत : तुमचे अनुभव लिहा

२०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं आपल्या कोल्हापुरात गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. म्हणून मोहरम दरवर्षी १०-११ दिवस मागं सरकतो आणि हा योग ३२-३३ वर्षांनी येतो. आठवतंय तोवर लिहून ठेवूया. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत नको. तुमच्या गल्लीत काय झालं ते सांगा.

शुक्रवार पेठ
आमच्या तालमीत, म्हणजे गल्लीच्या मंडळात, मोहरमचा पीर (धातूचा पंजा) बसतो, गणपतीही बसतो. वर्गणीची पावती एक करायची की दोन, यावरच पहिली मीटिंग मोडली. शेवटी एकच केली. २०१९ ला महिनाभर आधी महापूर येऊन गेलेला. नदीकडच्या घरांतला चिखल अजून निघत होता, त्यामुळं डॉल्बीचा विषयच नाही. पंजे आत कट्ट्यावर, मूर्ती बाहेर मांडवात. ताबूत विसर्जन १० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी १२ ला. दोन्हीकडं खांदे तेच, पार सुजले. खत्तलरात्रीला, म्हणजे ताबूत विसर्जनाच्या आदल्या रात्री, दुसऱ्या पंजाची भेटीची सवारी (मिरवणूक) आली आणि मांडवाची कमान आडवी आली. पंजा काही वाकवायचा नाही म्हणाले. मग पीराची सेवा करणाऱ्या आमच्या मुजावरचाचांनीच शिडी लावली, दोऱ्या सोडल्या, वरचा बांबू उतरवला. उतरवताना मूर्तीकडं बघून म्हणाले, "देवा, धा मिनटं कळ काढा." सवारी गेल्यावर बांबू परत बांधला तो तिरकाच. विसर्जनापर्यंत कमान तशीच वाकडी.

कुरुंदवाड
आमच्याकडं पाच मशिदींत गणपती बसतो. थोरले सांगतात, एकदा पावसानं मांडव गळायला लागला म्हणून मूर्ती आत घेतली, ती पुढं दरवर्षी आतच. त्या तीन वर्षांत पंजे आणि गणपती एकाच छताखाली. बाहेरचे कॅमेरे घेऊन येतात तेव्हा आम्हालाच नवल वाटतं.

शाहूपुरी
आम्ही ख्रिस्ती. दिवाळीत शेजारून आलेलं फराळाचं ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून ते नाताळपर्यंत आमच्याकडंच राहतं. शेजारच्या काकू डिसेंबर लागला की आठवण करतात, ताटाची नव्हे, केकची.

मंगळवार पेठ
गोडगोड चाललंय, जरा स्पष्ट बोलतो. जून २०२३ मध्ये याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. फलकावर ऐक्य लिहिणारे काही जण तेव्हा ग्रुपवर काय पाठवत होते, ते मी वाचलंय. तालमीतला जुना माणूस आहे तोवर ठीक. नवीन पोरं डीजेपुरती येतात.

फुलेवाडी
@मंगळवार पेठ, बरोबर आहे तुमचं. पण त्याच महिन्यात, २९ तारखेला, आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. आम्ही विठ्ठलाच्या वारीला नंदवाळला चालत निघालेलो. शेजारच्यांनी नमाज पढून कुर्बानी दुसऱ्या दिवशी ठेवली. तीन दिवस चालते म्हणे. कुणी सांगायला गेलं नव्हतं. वारीतून आल्यावर भाभींनी पाय शेकायला मिठाचं गरम पाणी दिलं. त्या दंग्यावर मात्र आम्ही कुणीच काही बोललो नाही, हेही खरं.

राजारामपुरी
मोहरमचे चोंगे कुठं विकत मिळतात का?

शुक्रवार पेठ
मला तरी माहीत नाही. गव्हाच्या गोड पोळ्या, वर खसखस, घरीच करतात. मोहरमला तालमीत या. वर्गणी द्यावी लागेल!