मदत हवी आहे: वायबीसीओ आणि चुंबकातलं बल काट्यावर मोजतोय, जाताना-येताना आकडे वेगळे

मंडळी, एमएस्सीचा प्रकल्प आहे. वायबीसीओ म्हणजे द्रव नायट्रोजनात थंड केला की अतिवाहक होऊन चुंबकाला ढकलणारा पदार्थ; त्याची २५ मिमीची गोळी आम्हीच भट्टीत भाजून केली. द्रव नायट्रोजन जवळच्या कृत्रिम रेतन केंद्रातून आणतो (गाई-म्हशींच्या वीर्यकांड्यांसाठी त्यांच्याकडे तो असतोच), त्यामुळे महिन्यातून दोनदाच प्रयोग जमतो.

०.०१ ग्रॅमच्या काट्यावर थर्माकोलचा पेला, त्यात नायट्रोजन आणि तळाला गोळी. वरून स्टँडला निओडिमियम चुंबक, स्क्रू फिरवून एकेक मिलिमीटर खाली आणतो.

अडचण अशी की चुंबक लांब असतानाही आकडा सारखा घसरतो. शिवाय ६ मिमीवर खाली येताना १४ ग्रॅम, वर जाताना ५. आणि १२ मिमीला वर जाताना चक्क उणे २! सर म्हणतात सरासरी काढ. स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना आट्यांतला ढिलेपणा) असेल का?

उत्तर १
सरासरी काढलीत तर निकालच पुसून टाकाल. चुंबक जवळ आला की त्याचं थोडं चुंबकीय क्षेत्र गोळीत शिरतं आणि आतल्या दोषांपाशी अडकतं, तेच फ्लक्स पिनिंग. चुंबक मागे घेतला की हे अडकलेलं क्षेत्र त्याला ओढून धरतं, म्हणून उणे आकडा. नुसत्या बॅकलॅशने आलेख आडवा सरकला असता, चिन्ह बदललं नसतं.

घसरण म्हणजे उडून जाणारा नायट्रोजन. मांडणी उलटी करा: चुंबक काट्यावर, पेला वरून स्टँडला. मग नायट्रोजन कितीही उडो, काट्याला त्याचं काही नाही. चुंबकाखाली १५-२० सेंमीचा लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर काट्यातलं लोखंडच चुंबकाला ओढेल. आणि गोळी तळाशी घट्ट बांधा. ती मोकळी असेल तर वर उचलली जाईल आणि अंतराचा हिशेब चुकेल.

उत्तर २
गोळी थंड करताना चुंबक कुठे होता, ते लिहिलं नाहीत. तो जवळ असताना थंड केली तर क्षेत्र आधीच आत अडकतं आणि ढकलणारं बल बरंच कमी येतं. चुंबक पार लांब नेऊन थंड करा. प्रत्येक फेरीआधी गोळी ९२ केल्विनच्या वर (म्हणजे अतिवाहकता जाईपर्यंत) तापू द्या, नाहीतर मागच्या फेरीतलं क्षेत्र तसंच राहतं. बल वेळेबरोबर हळूहळू उतरतं, तेव्हा दर अंतरावर सारखंच थांबा, समजा ३० सेकंद, आणि मगच आकडा टिपा.

धागाकर्ता
उलटी मांडणी केली, घसरण गेली! उणे आकडा मात्र तसाच आहे, आता सरांना दाखवतो. नवीन भानगड: पेल्याच्या तळाला दव धरून चुंबकावर टपकतं आणि वजन वाढतं.

उत्तर १
तळ आणि चुंबक यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ कागद आडवा ताणून स्टँडलाच बांधा, काट्याला लागू देऊ नका. बाकी पावसाळ्यात हा प्रयोग मी तरी करत नाही.