चिविटावेकियाला ट्रेनने जा म्हणणाऱ्यांनो, तुमच्याकडे बॅगा किती होत्या?

चौथी_पायरी

परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "रोमहून चिविटावेकियाला, म्हणजे क्रूझच्या बंदराला, दीडशे युरो मोजून गाडी करणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. ४ युरो ६० सेंटांत ट्रेन नेऊन सोडते. हातपाय धड असलेल्या माणसाला गाडी लागतेच कशाला?" हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हीही असाच सल्ला वाचून गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई (७१) आणि सासरे (७५). चार मोठ्या बॅगा, तीन हातातल्या. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर विमान सकाळी उतरलं. तिथून ८ युरोवाली लोकल ट्रास्तेव्हरे स्टेशनपर्यंत आणि तिथे बदलून चिविटावेकिया. कागदावर फार सोपं दिसतं. ट्रास्तेव्हरेला आमचा प्लॅटफॉर्म वेगळा निघाला. जिना उतरा, बोगद्यातून चाला, पुन्हा जिना चढा. लिफ्ट शोधेपर्यंत ट्रेन लागली. नवऱ्याने दोन बॅगा घेतल्या, मी एक घेतली आणि चौथी सासऱ्यांनी उचलली. मी "बाबा, राहू द्या" म्हणेपर्यंत ते सहा पायऱ्या चढले होते. मग एका हाताने कठडा धरून थांबले, दुसरा हात कमरेवर. बॅगेच्या मुठीला ओळखीसाठी बांधलेली सासूबाईंच्या साडीची हिरवी चिंधी त्यांच्या बोटांत अडकलेली होती.

ट्रेन दुमजली. दारातून आत गेलं की एक जिना वर, एक खाली. बॅगा दारातच ठेवून उभ्याने आलो. चिविटावेकिया आलं म्हणजे बोट आली असं कुणी समजू नका. स्टेशनबाहेर बस, ती लार्गो देला पाचे नावाच्या ठिकाणी सोडते, आणि तिथून बंदराची दुसरी बस बोटीपाशी. नंतर मोजलं, तर विमानतळाच्या पट्ट्यावरून काढल्यापासून बोटीवरच्या हमालाच्या ताब्यात देईपर्यंत प्रत्येक बॅग नऊ वेळा उचलली होती.

चौघांचं ट्रेनचं तिकीट ५० युरो ४० सेंट. गाडीवाल्याने १४० सांगितले होते. म्हणजे नव्वद युरो वाचवले, आणि जिनोआ-मार्सेय ही दोन्ही बंदरं सासऱ्यांनी पाठ शेकत केबिनमध्ये काढली. त्यांचे हातपाय धड होते हो. जिना चढेपर्यंत होते.

ठाणेकर_भटक्या

ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. बाबांना त्रास झाला याचं वाईट वाटलं, मनापासून. पण दोष ट्रेनचा नाही. चौघांना सात रात्रींसाठी चार मोठ्या बॅगा? मी आणि बायको एकेक केबिन बॅग आणि पाठीवर एकेक सॅक घेऊन गेलो. रोमच्या मुख्य स्टेशनला, तेर्मिनीला, चिविटावेकियाची ट्रेन अगदी टोकाच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते, तिथपर्यंत दहा मिनिटं चाललो आणि आरामात बसलो. आयुष्यभर कल्याण फास्ट पकडणाऱ्या माणसाला युरोपातल्या रिकाम्या लोकलची भीती कसली? लोक घाबरतात, आणि त्या भीतीवर एजंट गाड्या विकतात. राग मला त्याचा आहे. आम्हालाही आमच्या एजंटाने "साहेब, तिथे ट्रेन सेफ नाही" असं सांगून २०० युरोची गाडी गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता.

ताई, एकच विचारतो. त्या चार बॅगांत होतं काय?

चौथी_पायरी

एका बॅगेत खाणं होतं. सासूबाईंना मधुमेह आहे, ठरलेल्या वेळी ठरलेलं पोटात जावं लागतं. भाजणी, मेतकूट, नाचणीचं पीठ, दशम्या, चिवडा आणि एक छोटी इलेक्ट्रिक किटली. यात चूक काय?

मीठभाकर

चूक सांगतो. किटली बोटीवर चालत नाही. इस्त्री, किटली, कॉइल, तापणारी कुठलीही वस्तू बहुतेक सगळ्या क्रूझ कंपन्या बॅग स्कॅन करताना काढून घेतात, कारण समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते. दुसरं, बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, साजूक तूप सगळं त्यात आलं. आपली माणसं तुपाची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळून नेतात, तिकडे पकडली गेली की रडतात. क्रूझवर सकाळपासून रात्रीपर्यंत अन्न मांडलेलं असतं आणि आपण पंचवीस किलो चिवडा ओढत जिने चढतो. पाठ ट्रेनमुळे नाही, चिवड्यामुळे गेली.

गोदाकाठ

मीठभाकर, तोंड सांभाळून बोला. कुणाच्या सासऱ्यांच्या पाठीवर असं बोलतात का?

आणि "अन्न मांडलेलं असतं" हे मला सांगू नका. माझी आई कांदा-लसूण खात नाही. बोटीवर व्हेज म्हणून जे आलं त्यात दोन्ही, आणि सूप कशाचं आहे ते वाढणाऱ्यालाही सांगता येईना. पहिले चार दिवस तिने ब्रेड, केळी आणि दही खाल्लं. चौथ्या रात्री मी केबिनमध्ये गरम पाण्यात पोह्यांचं पाकीट भिजवून दिलं, तर ती पलंगाच्या कडेला बसून वाटी दोन्ही हातांत धरून खात होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ज्यांना सगळं चालतं त्यांनी बाकीच्यांच्या बॅगा मोजू नयेत.

मीठभाकर

बुकिंग करतानाच लिहून कळवायचं असतं. जैन जेवण काही कंपन्या देतात, पण आधी सांगितलं तरच. पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य माणसाला भेटलं की तो दुसऱ्या दिवसाचं ताट वेगळं करून देतो. आम्ही केलंय, माझ्या वडिलांसाठी. गरम पाणीही बुफेवर मिळतं, किटली कशाला?

गोदाकाठ

कळवलं होतं. एजंटाने पुढे पाठवलंच नाही.

मीठभाकर

मग एजंटावर रागवा. आणि बंद पाकिटातलं कोरडं खाणं न्यायला माझी हरकत नाही, घरच्या डब्यातल्या उघड्या पदार्थांना आहे. सासऱ्यांबद्दलचं वाक्य मात्र चुकलं. ते मागे घेतो.

पहिली_वारी

मध्येच विचारते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं जातोय, वय ५८ आणि ६२, दोन मध्यम बॅगा. रोममध्ये तीन दिवस व्हॅटिकनजवळ राहणार. ट्रेन की गाडी?

वांद्रे_पूर्व

मुंबईत तरी वेगळं काय आहे? गेल्या वर्षी बॅलार्ड पियरहून गोव्याची क्रूझ घेतली. मीही सगळ्यांना सांगत होतो, लोकलने सीएसएमटी, तिथून बंदर दीड किलोमीटर. निघालो रविवारी आणि नेमका मेगाब्लॉक. दादरला उतरून टॅक्सी करावी लागली, तीही दोन, कारण बॅगा एकीत मावल्या नाहीत. रेल्वे आपलीच, भाषा आपली, तरी ही गत.

तोरिनोवासी

अकरा वर्षं इटलीत आहे, ट्रेनने रोज जाते-येते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सुनावते.

भटक्या, तुम्ही संपाचं नावही घेतलं नाहीत. इथे रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, तारीख बघता येते. संपाच्या दिवशीही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल चालवण्याची हमी असते, पण ती कामाच्या दिवशी. रविवारी ती नसते, आणि क्रूझ सुटतात त्या बऱ्याचदा शनिवार-रविवारी. बोट तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय कागदी तिकिटावर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारावा लागतो आणि मोबाइलवरच्या लोकल तिकिटाला चेक-इन करावं लागतं, नाहीतर दंड. हे न सांगता "४ युरो ६० सेंट" सांगणं अर्धवट आहे.

चौथी पायरी, तुमचा मार्ग त्यातल्या त्यात बरोबर होता. विमानतळ रोमच्या नैर्ऋत्येला, चिविटावेकिया वायव्येला. १४ युरोच्या एक्स्प्रेसने तेर्मिनीला जाणारे उलटे शहरात शिरून पुन्हा बाहेर येतात. पण विमानतळावरून थेट बंदर, चार माणसं, वयस्कर सोबत, तर गाडीच. गाडी महामार्गाने शहरात न शिरता साधारण तासाभरात पोचते. फक्त बुकिंग करताना माणसांबरोबर बॅगाही कळवा. आम्ही फक्त "चार जण" कळवलं होतं, साधी गाडी आली, डिकीत दोन बॅगा बसल्या आणि ड्रायव्हरने दुसऱ्या गाडीचे पैसे तिथेच मागितले.

ठाणेकर_भटक्या

संपाचं मान्य. रविवारचा नियम मला माहीत नव्हता, लिहायला हवं होतं. पण मूळ मुद्दा सोडत नाही. गाडी ही गरज असेल त्यांची, सगळ्यांची नाही. माझे वडील वर्षानुवर्षं वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन रत्नागिरीहून एसटीने यायचे, स्वतः उचलून.

चौथी_पायरी

किती वर्षांचे होते तेव्हा?

ठाणेकर_भटक्या

चाळिशीत.

आज ७८ आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना न्यायचं झालं तर... ठीक आहे, त्यांना नेईन तेव्हा गाडी करेन. पण "हातपाय धड" वाल्यांनी ट्रेनने जावं हे मी तेव्हाही म्हणेन.

चौथी_पायरी

चालेल, म्हणा. फक्त किती बॅगा, किती वय आणि निघायचं कुठून, हे तीन प्रश्न आधी विचारत जा.

पहिली वारी, तुमचा प्रश्न आमच्या भांडणात राहूनच गेला. तुम्ही ट्रेनने जा. हो, मीच सांगतेय. व्हॅटिकनजवळ रोमा सान पिएत्रो स्टेशन आहे, तिथे चिविटावेकियाची लोकल थांबते, तेर्मिनीला जायचं कारणच नाही. मात्र स्टेशनपर्यंत टॅक्सी करा, रोमच्या दगडी फरसबंदीत बॅगेची चाकं निघतात, आमचं एक निघालं. बंदरावर बॅग हमालाकडे दिली की ती केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत कधीही येते, तेव्हा पासपोर्ट आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. आणि निघायच्या आठवड्यात संपाची तारीख बघा.

पहिली_वारी

यांचा डावा खांदा धरलेला असतो. बॅग उचलता येईल असं वाटतं, पण ते स्वतः कधी सांगणार नाहीत.

चौथी_पायरी

मग मध्यम बॅगेऐवजी छोटी घ्या, आणि ती तुम्ही स्वतः एकदा घरचा जिना चढवून बघा. त्यांना विचारू नका, ते हो म्हणतील. बाबाही हो म्हणाले होते.